मुंबईची गाडी पुरे, शेजारची मागा

कोल्हापूर मोठं की सांगली? पैज लावणाऱ्यांनी आधी एवढं ध्यानात घ्यावं, की दोघांच्याही हातातले आकडे २०११चे आहेत. त्या जनगणनेत कोल्हापूर शहर ५ लाख ४९ हजार भरलं आणि सांगली-मिरज-कुपवाड ५ लाख २ हजार. २०२१ची जनगणना झालीच नाही आणि पुढची २०२७ची आहे. त्या वेळी पाळण्यात असलेलं पोर आता दहावीच्या वर्गात पोचलं, तरी चहाच्या टपरीवर आपण तेच आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतोय.

बरं, आकडे खरे धरले तरी ते कशाचे आहेत? कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली तेव्हा हद्द होती ६६.८२ चौरस किलोमीटर. आजही तेवढीच आहे. उचगाव, पाचगाव, कळंबा इथली माणसं सकाळी कोल्हापुरात कामाला येतात, पोरं कोल्हापूरच्या शाळेत घालतात, दवाखान्याला कोल्हापुरातच येतात आणि शिरगणतीत मात्र गावातली म्हणून मोजली जातात. हद्दवाढ म्हटलं की गावं रस्त्यावर उतरतात. त्यांना घरपट्टीची धास्ती आहे आणि ती खोटी नाही. शहराला आहे त्या हद्दीतले रस्ते सांभाळता येत नाहीत हे त्यांना रोज दिसतं, मग कशाच्या भरवशावर त्यांनी आत यावं?

सांगलीची गोष्ट उलटी. १९९८मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड अशी तीन गावं एका कागदावर आणून महापालिका केली आणि हद्द झाली सुमारे ११८ चौरस किलोमीटर. लोकसंख्या जवळपास कोल्हापूरएवढी, जमीन पावणेदोनपट. यातून मिरज वजा करा आणि मग सांगलीचा आकडा सांगा. सांगलीकर तो सांगत नाहीत, आणि मिरजकर नेमकं तिथंच दुखावतात. कर आम्ही भरायचा, दवाखाने आमचे, जंक्शन आमचं, आणि नाव सांगलीचं. त्यांची तक्रार रास्त आहे. सांगली मुळात १८०१मध्ये मिरजेच्या पटवर्धनांच्या घरातल्या भांडणातून वेगळी झालेली गादी. चिंतामणराव आप्पासाहेब काकांशी बिनसून बाहेर पडले आणि कृष्णाकाठच्या लहानशा गावाची राजधानी केली. दोनशे वर्षं झाली, ते भांडण आता वॉर्डातल्या निधीवर चालतं.

तेव्हा कोण मोठं हा हिशेब सोडा. दोघांच्या मधे काय आहे ते बघा. पन्नास किलोमीटरच्या आत दोन महापालिका, आणि मधोमध इचलकरंजी, २०११ची २ लाख ८७ हजार वस्ती, जी २०२२ला स्वतःच तिसरी महापालिका झाली. शिवाय जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली, कुंभोज, नांदणी. तिन्ही शहरांची बेरीज तेरा लाखांवर जाते, तीही जुन्या आकड्यांनी आणि मधली गावं सोडून. हा सगळा एकच सलग पट्टा आहे. शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंग ओतणारा हातकणंगल्याचा, इचलकरंजीच्या मागावरचा कापड व्यापारी सांगलीत राहणारा, मिरजेच्या दवाखान्यात भरती झालेला पेशंट गडहिंग्लजचा आणि त्याच्या उशाशी बसलेली त्याची बहीण जयसिंगपूरला दिलेली. माणसांनी हे शहर केव्हाच एक केलं. गाड्यांनी केलं नाही.

माझा राग या एका गोष्टीवर आहे.

नकाशा उघडा. मुंबई-बंगळूर महामार्ग कोल्हापूरच्या दारातून जातो, सांगलीला तो पेठ नाक्यावर गाठावा लागतो. रेल्वेचं बरोबर उलटं. पुण्याहून बेळगावकडे जाणारा मुख्य मार्ग सांगली-मिरजेवरून जातो आणि कोल्हापुरात रूळ संपतात. तिथून पुढं सह्याद्री. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाने कोकण रेल्वेला जोडायचं २०१६च्या अर्थसंकल्पापासून चाललंय, पण आजही कोल्हापूरच्या गाडीला बाहेर पडायला एकच दार आहे आणि ते मिरजेत उघडतं. विमानतळ कोल्हापूरला, जंक्शन मिरजेला. महामार्ग यांच्याकडे, चार दिशांचे रूळ त्यांच्याकडे. एकाकडे जे आहे तेच दुसऱ्याकडे नाही. असे दोन शेजारी हेवा करत बसले तर दोघंही अर्धेच राहतात, आणि आपण तसेच राहिलोय.

हे आधीच्या लोकांना कळत होतं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ला सुरू झाली ती कोल्हापूर दरबारच्या पैशाने. कुणी मुंबईहून येऊन बांधून देईल म्हणून दरबार थांबला नाही. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगली संस्थानानेही स्वतःचा मिरजेपर्यंतचा छोटा फाटा टाकला. चार-पाच मैलांचा. दोन्ही संस्थानांनी स्वतःच्या तिजोरीतून पहिली जोडणी केली ती मिरजेशी. लांबचा प्रवास त्या जोडणीतून आपोआप होणार होता. ब्रॉडगेज आल्यावर सांगलीतलं जुनं स्टेशन गेलं, नवं दुसरीकडे झालं. गावात उरला तो स्टेशन चौक.

आणि आजची मागणीपत्रं वाचा. प्रवासी संघटना, व्यापारी मंडळी, खासदार, आमदार, सगळ्यांची निवेदनं मी वर्षानुवर्षं वाचतो. मुंबईला आणखी एक गाडी. अमुक एक्स्प्रेसला थांबा. तमुक गाडी आमच्या गावापर्यंत वाढवा. राणी चन्नम्मा एके काळी कोल्हापूरहून सुटायची, मग मिरजेहून सुटू लागली, आता सांगलीहून सुटते. प्रत्येक बदलाला एका गावात पेढे आणि दुसऱ्या गावात निषेध. सप्टेंबर २०२४मध्ये वंदे भारत आली तर तीन दिवस कोल्हापूर-पुणे आणि तीन दिवस हुबळी-पुणे. लगेच तीन दिवस कुणाचे जास्त मोलाचे यावर वाद. ती कोल्हापूरची गाडीही मिरज आणि सांगलीला थांबूनच पुण्याला जाते, हे बोलायला कुणाला सवड नव्हती.

या निवेदनांत कोल्हापूर ते सांगली दर तासाला गाडी हवी, ही ओळ क्वचितच सापडते. सापडली तर शेवटून दुसरी असते, स्टेशनवरच्या पाण्याच्या नळाच्या आधी.

पुण्या-मुंबईला माणूस महिन्यातून एकदा जातो. मिरजेला, जयसिंगपूरला, कोल्हापूरला तो रोज जातो. रोजच्या माणसाची गाडी कुणी मागत नाही, कारण तिच्या उद्घाटनाला हिरवा झेंडा घेऊन मंत्री येत नाहीत.

सकाळची पॅसेंजर कशी धावते ते बघा. कोल्हापूर सोडलं की गूळ मार्केट, मग वळिवडे, जिथं दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांना कोल्हापूर संस्थानाने आसरा दिला होता. मग पंचगंगेवरचा पूल, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, कृष्णेचा पूल आणि मिरज. सत्तेचाळीस किलोमीटर. दारात उभी असलेली नर्सिंगची पोरगी, खांद्यावर डब्याची पिशवी टाकलेला कामगार, दुधाची रिकामी किटली पायांत धरून बसलेली म्हातारी. हातकणंगल्याला गाडी उभी राहते ती राहतेच.

"मामा, का थांबलीय ओ?"

"क्रॉसिंग हाय. समोरनं एक्स्प्रेस येऊ दे."

"माझी ड्युटी आठला हाय."

"मग बाय, कालच निघायला पायजे हुतं."

डब्यात सगळे हसतात. मला हसू येत नाही. त्या पोरीच्या हजेरीवर लाल रेघ पडते ती तिच्या आळसाने नाही. पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणावर हजारो कोटी लागले, वरती विजेच्या तारा आल्या, आणि मिरज-कोल्हापूर हा शेवटचा तुकडा एकेरीच राहिला. एकेरी रुळावर लांबच्या गाडीला वाट द्यायला जवळची गाडी बाजूला काढतात. ज्यांना सर्वांत कमी अंतर जायचंय, त्यांचाच वेळ सर्वांत जास्त जातो. आणि इचलकरंजीला तर रूळच नाही. जवळचं स्टेशन हातकणंगले. पावणेतीन लाखांचं यंत्रमागाचं गाव, ज्याच्या कापडाचे गठ्ठे देशभर जातात, ते गठ्ठे ट्रकवर लादून रस्त्यानेच निघतात.

रेल्वेला हे जमत नाही असं कुणी सांगू नये. एप्रिल २०१६मध्ये याच मिरजेतून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. कृष्णेचं पाणी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं जाऊन तहानलेल्या शहरात उतरलं, आणि हे ठरवून प्रत्यक्षात आणायला थोडेच दिवस लागले. मिरजेच्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी आणि पाणी भरणाऱ्या माणसांनी त्या दिवसांत जे काम केलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. मनावर घेतलं तर हे स्टेशन काय करू शकतं ते देशाने पाहिलंय. तेवढंच मनावर घेऊन सत्तेचाळीस किलोमीटरवर माणसं न्यावीत.

रस्त्याचं काय? रस्त्याबद्दल लिहिताना हात थरथरतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग म्हणून जो पट्टा कागदावर आहे, त्यात शिरोली फाटा ते अंकली हा आपला रोजचा रस्ता येतो. आधी खाजगीकरणातून चौपदरी करायला दिला, तो अर्धवट राहिला. मग राष्ट्रीय महामार्ग झाला. चोकाक ते अंकली या भागातल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा चौपट मोबदला मागितला. ऊस आणि भाजीपाल्याची बागायत जमीन आहे ती, गुंठ्यागुंठ्याने जपलेली. त्यांनी कमी पैशात का द्यावी? आणि त्यांचा सौदा रखडला तोवर त्या रस्त्यावर दुचाकीवरून जाणाऱ्यांनी ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागून अंधारात का मरावं? गाळपाच्या दिवसांत रात्री तमदलग्याच्या पुढं जाऊन बघा. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, उसाचे शेंडे बाहेर आलेले असतात आणि समोरून येणाऱ्याचा झोत डोळ्यांत असतो. दर हंगामात माणसं जातात. त्या घरांतली पोरं वाढतात आणि त्याच रस्त्यावरून कॉलेजला जातात.

विनाथांबा एसटी हीच या पट्ट्याची खरी सेवा आहे आणि तिच्या चालक-वाहकांना मी हात जोडतो. पण तीही याच रस्त्यावरून धावते.

आता विमानतळ. सांगलीकरांनो, माझ्यावर रागवा, पण कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ हवा हा हट्ट सोडा. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९चा, राजाराम महाराजांच्या काळातला. वर्षानुवर्षं तिथं विमानच नसायचं. आता रात्रीचं उतरणं सुरू झालं, २०२४ला नवी इमारत झाली, मुंबई, हैदराबाद, बंगळूरची विमानं आहेत. ती भरायला कोल्हापूर एकटं पुरणार नाही आणि सांगलीला वेगळी विमानं मिळाली तर तीही रिकामी उडून बंद पडतील. कवलापूरची जागा दुसऱ्या कामाला लावा. हळद आणि बेदाणा साठवायला शीतगृहं कमी पडतात, तिथं बांधा. आणि कोल्हापूरकरांनो, विमानतळ आमचा म्हणून मिशीला पीळ देऊ नका. विमानांच्या वेळा पाहून सांगली-मिरजेतून थेट बस सोडायची मागणी तुम्ही करा. तुमच्याच विमानात प्रवासी बसतील.

शेवटी भांडून एक गोष्ट मिळवली ती एकत्र भांडल्यामुळे. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चार दशकांच्या आसपास हा लढा दिला, सांगलीच्या वकिलांनीही कामबंद केलं, मोर्चे काढले, आणि बेंच कोल्हापुरात बसणार हे ठाऊक असून केलं. जत तालुक्यातल्या उमदीचा शेतकरी आता तारखेला मुंबईऐवजी कोल्हापूरला येतो. उमदी ते मिरज येताना त्याची निम्मी सकाळ जाते. मिरजेपासून पुढच्या सत्तेचाळीस किलोमीटरला त्याला भरवशाची गाडी नसेल, तर न्याय दारात आला असं त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि पाणी. या एका बाबतीत दोन्ही गावांना भांडायला जागाच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे घराघरात फुटांची भाषा चालते. "आयर्विनला किती?" "चाळीस." "आणि राजारामला?" १९२९चा आयर्विन पूल सांगलीत, राजाराम बंधारा कोल्हापुरात. आयर्विनला धोक्याची पातळी ४५ फूट, राजारामला ४३. २०१९ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं आणि राजारामला ५५च्या वर. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कितीतरी दिवस बंद राहिला. सांगलीत बाजारपेठ बुडाली, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. २०२१ला पुन्हा तेच. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, सांगलीच्या खाली. तिथं दोन्ही नद्या फुगल्या की एकमेकींचं पाणी अडवतात आणि फुगवटा मागे सरकतो, शिरोळ तालुका पहिला बुडतो, मग बाकीचे. कोयनेचा विसर्ग, वारणेचा, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, खाली अलमट्टी. यातलं एक पान दोन जिल्ह्यांना वेगवेगळं वाचता येत नाही. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून वाढवायला दोन्ही जिल्हे एका आवाजात विरोध करतात तेव्हा बरं वाटतं. तोच आवाज रेल्वेच्या दारात का निघत नाही?

पुरात रुकडीच्या पुलावर पाण्याची पातळी वाढली की कोल्हापूरची गाडी थांबते. अंकलीकडचा रस्ता थांबतो. महामार्ग थांबतो. तेव्हा कोल्हापूर अक्षरशः बेट होतं आणि सांगलीला जाता येत नाही, सांगलीहून येता येत नाही. मिरजेच्या दवाखान्यात डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला आठवड्यात तीन दिवस त्या पुलावरून जावंच लागतं. दुसरा मार्ग टाकताना पूल उंच घ्यायचा की नाही, हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून पुढच्या बैठकीला रेल्वेचे अधिकारी आले की दोन्हीकडच्या चेंबरांनी, तिन्ही खासदारांनी आणि इचलकरंजीच्या महापौरांनी एकच कागद न्यावा. त्यावर मुंबईच्या गाडीचं नाव नको. मिरज-कोल्हापूर दुसरा रूळ, पंचगंगेवरचा नवा पूल २०१९ आणि २०२१च्या पाण्याच्या वर, हातकणंगल्याहून इचलकरंजीला फाटा. तोवर आहे त्याच एकेरी मार्गावर सांगली ते कोल्हापूर थेट लोकल, सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत तासाला एक, आणि त्या आठ तासांत क्रॉसिंगला थांबायचं ते एक्स्प्रेसने.